टिचकी

"पुन्हा काढली?" मिस्त्री हॉलच्या त्या टोकावरून ओरडला. "टिचकीराव, अहो पुन्हा काढली?"

टिचकीरावांच्या हातात टाइल होती, तिच्या पाठीला ओला माल चिकटलेला. भिंतीवर तिच्या जागी चौकोनी भगदाड. परीक्षेचे तीन तास संपले होते आणि चौथा संपला की थापी खाली ठेवायची होती. बाकीचे पाचजण शेवटच्या ओळींवर आले होते. हे अजून तिसरीतच.

नाव टाइलकाम शिकवणाऱ्या मिस्त्रीनंच ठेवलेलं. गृहस्थ बावीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होते. कपाला टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर भंगारात. मग लोकांनी नवे कप घेणं सोडलं, हळूहळू बरंच काही घेणं सोडलं, कारखान्याला टाळं लागलं आणि पन्नाशीचा हा माणूस टाइल बसवायला शिकायला आला. शिकला चांगला. पण बोटाची खोड जाईना. बसवली की टिचकी, बद्द वाजली की उचकटली. इथंच घोडं पेंड खात होतं. गेल्या खेपेला यापायीच भिंत अर्धी राहून नापास झाले होते, आणि परीक्षेला दोनदाच बसता येतं. आज पास होईल त्याला उद्यापासून इस्पितळाच्या नव्या इमारतीत सहा महिने काम. सहा महिने काम म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये कुणालाच समजावून सांगावं लागत नव्हतं.

"पोकळ वाजत होती," टिचकीराव म्हणाले.

"वाजू दे की! न्हाणीघरात जाऊन कोण टिचक्या मारत बसतंय?"

"पण कधीतरी पडेल ना ती."

"पडली तर दहा वर्षांनी पडेल. तुम्हाला घरी उद्या चूल पेटवायचीय!"

मिस्त्रीला हा माणूस पास व्हायला हवा होता, म्हणून तर तो इतका चिडत होता. शेवटी तो त्यांच्या मागेच येऊन उभा राहिला. "टाइल लावा. दाबा. आता मूठ आवळा. पुढची घ्या." टिचकीराव घाम पुसत, मूठ आवळत एकेक टाइल लावत गेले. दोन मिनिटं उरली असताना भिंत पुरी झाली.

परीक्षक आले. त्यांनी ओळंबा धरून पाहिला, टाइल मोजल्या, सांध्यांवरून नजर फिरवली आणि फॉर्म भरला. पाचही भिंती पास. सहाव्या भिंतीसाठी त्यांनी शिक्का उचलला.

"साहेब, पाचव्या ओळीतली डावीकडून दुसरी पोकळ आहे, दाबतानाच आवाज आला," टिचकीराव म्हणाले.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षकांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. "पोकळचा रकाना नाही यात."

"पण आहे ती पोकळ."

"तुम्हाला नापास व्हायचंय का?"

"नाही हो!" टिचकीरावांचा आवाज फाटला. "काम हवंय मला. वर्ष झालं घरी बसून. पण तुम्ही वाजवून पाहिलीच नाहीत, म्हणून सांगितलं."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "भिंत पूर्ण आहे का, एवढंच मी बघतो. ती आहे." शिक्का दणकन उमटला. "आणि यापुढे विचारल्याशिवाय बोलू नका." फाइल काखेत मारून ते निघून गेले.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!" मिस्त्रीनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. "वाचलात. चला, थाप्या धुवा सगळ्यांनी, मला कुलूप लावायचंय."

तो किल्ल्या घेऊन दारापर्यंत गेला, तरी मागून कुणी येईना.

त्या पाचजणांतला पूर्वी टॅक्सी चालवणारा आपल्या भिंतीपाशी परतला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि एका टाइलला हळूच टिचकी मारली. मग दुसरीला. ते बघून हॉटेलातला आचारी आपल्या भिंतीकडे गेला. शिवणकाम करणारी बाई तर ओणवी होऊन, भिंतीला कान लावून वाजवायला लागली.

"टिचकीराव, जरा इकडे या ना," ती म्हणाली. "ही कशी वाजतेय?"

टिचकीरावांनी कान दिला. "बद्द," ते म्हणाले.

"पास झालाय ना सगळे?" मिस्त्री दारातून ओरडला. "मग आता काय? अरे, घरं आहेत की नाहीत तुम्हाला?"

कुणी मान वळवली नाही. बाईनं छिन्नी उचलली.