तेरावा उंदीर

दिवाकरनं पिंजऱ्यातले उंदीर पुन्हा मोजले. बाराच भरले. हातातल्या वहीत मात्र तेरा होते.

वसुंधरा वही घरी विसरली होती, म्हणून बबीनाच्या लष्करी छावणीतला हा हेडक्लार्क काठी टेकत, ई-रिक्षानं इलाइट चौराह्यावरून बायकोच्या प्रयोगशाळेत आला होता. दुसऱ्याची वही वाचू नये, हे खरं. पण कारकुनाच्या हाती वही द्यायची आणि वाचू नको म्हणायचं, म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगणं! रोज सकाळी उंदरांना गुण द्यायचे, ही इथली रीत. शेपटी लुळी पडली तर एक, मागचे पाय लटपटले तर दोन, फरफटले तर तीन. हे तिनंच कधीतरी जेवताना सांगितलेलं. तेराव्या उंदराच्या शेपटीचा रकाना कोरा होता. आणि लक्ष्मी गेटपाशी दिवाकर अडखळून पडला, त्या तारखेला त्याच रांगेत दोन गुण होते.

उंदरांचा आजार आणि त्याचा आजार जवळजवळ एकच. त्यांना मुद्दाम दिलेला, याला आपसूक आलेला. त्याचं आता त्याला फारसं काही वाटत नव्हतं. पण सकाळी चहा देताना ही आपल्याकडे बघते, ती नवरा म्हणून की उंदीर म्हणून? एवढंच विचारायचं होतं, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं.

तेवढ्यात वसुंधरा आत आली, तिनं उघडं पान बघितलं. तिनं त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेवर उंदराच्या मेंदूचा पातळ काप होता. दिवाकरनं डोळा लावला आणि हरवलाच. निळसर धुक्यात लाल थेंबांचे पुंजके तरंगत होते, आमटीवर तर्री यावी तसे. खोली लांब गेली. आपल्याला पाय आहेत, हेही तो विसरला.

ती हळू आवाजात सांगत राहिली. हे पुंजके म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी. मज्जातंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, ते या चुकून ओरबाडून खातात, आणि पचत नाही म्हणून थेंब पोटात घेऊन फुगून बसतात. मग कायमच्या अशाच का, त्यानं डोळा न काढता विचारलं.

"नाही. काहींना गिळलेलं बाहेर टाकता येतं. त्या शांत होतात, आणि मोडलेलं सांधायला मदत करतात. बाकीच्या..."

थेंब जागचे हलत नव्हते, तरी दिवाकरला ते वाहताना दिसले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग तो मागे सरला, खिशातलं पेन काढलं, आणि तेराव्याखाली एक ओळ आखून सुवाच्य अक्षरात लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं वही तिच्यापुढे सरकवली.

'चौदावी. पाय ठीक. रात्री तीनदा उठून माझा श्वास बघते. मला कळतं. बहिणीचे फोन घेत नाही. माझा रिपोर्ट आल्यापासून एकदाही रडलेली नाही.'

वसुंधरानं ते दोनदा वाचलं. चष्मा काढून बाजूला ठेवला. आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून ती हमसाहमशी रडायला लागली.

दिवाकरनं एका हातानं तिला धरलं, आणि दुसऱ्या हातानं, घड्याळात बघून, त्या ओळीपुढे वेळ लिहिली.