वर यायची वाट

“सही करायच्या आधी खाण डोळ्यांनी बघून ये, पोरी. पडद्यावरच्या खाणीत माणूस पडत नसतो.”

खाणकाम शिकवणारे हणमंतप्पा सर जाऊन दोन वर्षं झाली, तरी सहीसाठी सर्टिफिकेट समोर आलं की त्यांचा आवाज अर्पिताच्या कानात यायचाच. ‘हो सर’ म्हणून तिनं शब्द दिला होता. पाळायची वेळ मात्र कधी आली नाही. कंपनीचं खाणकामाचं सॉफ्टवेअर घेऊन ती इंजिनिअरिंग कॉलेजांत हिंडायची, मुलांना शिकवायची. आणि मुलं ज्या खाणींवर हात बसवायची त्या सॉफ्टवेअरसोबतच आलेल्या, जगात कुठंच नसलेल्या. बघायला जाणार कुठं? देवीचा मंगळवारचा उपास तिनं तापातही मोडला नव्हता. हा शब्द तेवढा निर्माल्यासारखा राहिला होता. टाकवत नाही आणि वाहताही येत नाही.

आजही मंगळवारच. सरांनी या कॉलेजात सुरू केलेल्या खाणकाम शाखेचा शेवटचा दिवस. नवा प्रवेश एकही नाही. कॉम्प्युटरांवर चादरी पडलेल्या. सॉफ्टवेअर चालवणारी पेनड्राइव्हएवढी चावी संध्याकाळी काढून न्यायची, असा कंपनीचा हुकूम होता. त्याआधी एकच काम उरलं होतं: शिवकांता, शेवटची विद्यार्थिनी. तिनं आखलेली खाण सॉफ्टवेअरनं पास केली की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असलं की चंद्रपूरची नोकरी, आणि नोकरी लागली की तिची आई जगदेवी दगडखाणीतल्या मजुरीतून सुटणार. पहिल्या ट्रेनिंगलाच शिवकांतानं हे सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा, हसत.

पण पडद्यावरची लाल ओळ हटेना. ‘खाणीतून बाहेर येण्यास मार्ग नाही.’

“शिवकांता, वर यायची वाटच विसरलीस की गं.”

“विसरले न्हाय मॅडम. ही आमच्या शिवेवरची खदान हाय. कॉलेजच्या यंत्रानं मोजून आणली म्या. वाट व्हती आदी. मालकानं वाटंखालचा दगडबी काढून इकला.”

“मग वर कसं येतात?”

“दगडाला क्रेन हाय. बायांना दोराची शिडी.”

अर्पितानं खाण मोठी करून बघितली. खाणीच्या तळाशी एक ठिपका एकटाच पडला होता, कुठल्याच कडेला न जोडलेला. मोजणीत असे चुकार ठिपके येतातच. ते पुसायचे, हा तर तिचा पहिला धडा. तिनं तो पुसला. शिवकांतानं तो परत तिथंच ठेवला. अर्पितानं पुन्हा पुसला. तो पुन्हा आला.

विभागप्रमुख राजेश्वरी मॅडम दारातूनच कडाडल्या, “अगं बाई, परीक्षेत इथली पोरं अख्खं पुस्तक उतरवतात, तुला एक रस्ता उतरवायला जड होतंय? आधीच मागच्या महिन्यात न सांगता पंधरवडाभर गायब! खरेपणाचा मक्ता घेतलाय जणू.”

“टाक वाट,” अर्पिता हळूच म्हणाली. “खोटी तर खोटी. आईसाठी टाक.”

शिवकांतानं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग माउस हातात घेतला. हात कुठं अडला नाही. चढ, वळण, रुंदी सगळं जिथल्या तिथं, जणू शंभरदा आखून झालेलं. लाल ओळ गेली, हिरवी आली. राजेश्वरी मॅडमनी छापलेलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, “सुटलो एकदाचे,” म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

अर्पितानं पेनाचं टोपण काढलं. शिवकांता अजून पडद्यासमोरच होती. तळाचा तो ठिपका धरून ती नव्या वाटेनं सावकाश वर नेत होती. वळणावर थांबली. दम खाऊ दिला. परत वर.

“काय करतेस गं?”

“आईला वर आणते.”

अर्पिताला काही उमगलं नाही. मग एकदम सगळं उमगलं.

“दोर तुटला मॅडम, मागल्या म्हैन्यात. आई पडली ती जागा हाय ती.” शिवकांताचा आवाज जराही हलला नाही. “मालक म्हनला, पाय घसरला. आता नवा दोर बांधलाय. बाकीच्या बाया आज सकाळीबी उतरल्या.”

दोनदा पुसलं होतं तिला अर्पितानं. आपल्या हातानं.

तिनं पेनाला टोपण लावलं. सर्टिफिकेट तसंच, बिनसहीचं, पिशवीत घातलं. चावी काढायला पुढं झालेला हात मागं घेतला. “चल,” एवढंच म्हणाली.

फाटकाशी कंपनीची गाडी उभी होती. ड्रायव्हर युवराजनं विचारलं, “सोलापूरच ना ताई?”

“आधी हिच्या गावची खदान.”

तिथं जाऊन काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. मालक हसला असता. दोर तसाच लोंबला असता. पण सरांनी काही कर, असं म्हटलंच नव्हतं. बघून ये, म्हणाले होते.

तुळजापुरात देवीकडं जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. खदानीच्या काठाशी गाडी थांबली तेव्हा अर्पितानं चपला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि दोराला हात घातला.