मोकळे केस

लेकीला सांभाळायला मिळालेली सरकारी मदतनीस बाई चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला तपासनीस घरी आला. पंचविशीतल्या लेकीला ना रस्ता ओलांडता येत होता, ना गॅस बंद करायचं कळत होतं. पण आईनं जिवाचं रान करून शिकवलेली वेणी तेवढी दिसली, की हा बाबा "जमतं की सगळं" म्हणून हात झटकणार. म्हणून आईनं सकाळीच तिचे केस सोडून ठेवले होते.

"वेणी घालते का स्वतःची?"

"कसली वेणी न् काय! काही येत नाही हो तिला." लेक हातातली रिबन बोटाला गुंडाळत राहिली.

मदत चालू ठेवतो म्हणून तो गेला. आईनं घाईनं दार लावलं. "शहाणी गं माझी बाय! घाल आता वेणी."

लेकीनं रिबन आईच्या हातात दिली आणि पाठ फिरवून बसली.

"मला काही येत नाही, आई."