चालून दाखवा

पोह्यांची बशी पुढे करताना उन्मेषच्या हातून दोन शेंगदाणे लीनादींच्या फाइलवर पडले.

पोहे ही त्याच्या सासूबाईंची आज्ञा. बालकल्याण समितीकडून कोलकात्यातल्या बागबाजारच्या फ्लॅटवर माणसं येणार हे ऐकून त्यांनी सांगलीहून फोनवर एवढंच विचारलं होतं, "बघायला येतायत ना? मग कांदेपोहे. यात विचारायचं काय?" त्यामुळे बँकेतला मॅनेजर उन्मेष इस्त्रीचा झब्बा घालून, मान खाली घालून खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याच्या बायकोची, सुनीतीची, चौकशी आधीच उरकली होती. आता ती स्वयंपाकघराच्या दारातून मजा बघत होती. अकरा वर्षांपूर्वी ती अशीच बसली होती आणि हाच गृहस्थ "कळवतो" म्हणून वीस दिवस गायब झाला होता.

समितीच्या लीनादी हिंदीत विचारत होत्या. आजारपण? राग येतो का? स्वयंपाक?

"वरणभात येतो," उन्मेष म्हणाला. "शिकवलंत तर मासेसुद्धा करीन."

जन्मात त्याने माशाला हात लावला नव्हता.

"बदली झाली तर?"

"नको म्हणून लिहून दिलंय. प्रमोशनसुद्धा."

सात वर्षांची नूपुर सोफ्यावर बसून तिसरी बशी संपवत होती. तिला बालगृहाच्या दारात ठेवून गेलेलं माणूस कधी परत आलं नव्हतं. आता प्रतिपालक म्हणून हे दोघं मिळणार की नाही, ते आज ठरायचं होतं. कायद्याने तिलाही विचारावं लागतं.

"तुला यांना काही विचारायचंय?" लीनादी म्हणाल्या.

नूपुरने बशी ठेवली. उन्मेषकडे नीट पाहिलं.

"चालून दाखवा."

सुनीतीने तोंडात ओढणी कोंबली.

उन्मेष उठला. खिडकीपर्यंत गेला, वळला, परत आला.

"हळू."

तो हळू गेला.

"अजून हळू."

आता तो विसर्जनाला घाटावर निघालेल्या दुर्गेच्या मूर्तीसारखा सरकत होता. लीनादींनी काहीतरी लिहून घेतलं. त्याला घाम फुटला. संपलं, आता या "कळवतो" म्हणणार.

नूपुर सोफ्यावरून उतरली. फाइलमध्ये तिच्या डाव्या पायाबद्दल एक ओळ होती. धांदलीत ती त्याच्या डोक्यातून गेली होती. एक पाऊल टाकत, एक ओढत ती त्याच्या शेजारी आली आणि खिडकीपर्यंत बरोबरीने चालली.

"हां," ती लीनादींना म्हणाली, "यांना जमतंय."