नाव नसलेले महाविद्यालय

आमच्या घरातील तीन पिढ्या शहरातल्या सर्वोत्तम महाविद्यालयात शिकल्या. त्यामुळे नातीने उत्तम गुण मिळवूनही, जो अर्ज करील त्याला प्रवेश देणाऱ्या, कोणाच्या ऐकिवातही नसलेल्या एका दूरच्या महाविद्यालयाचा हट्ट धरला, तेव्हा मी तिला दिवाणखान्यात सर्वांसमोर उभे केले.

“अगं, वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून आत घेतात तिथे! लोकांना काय सांगू मी?”

“नाव नाही आजी, पण शिकवतात चांगलं. मी स्वतः जाऊन बघून आले.”

“बघून आलीस? कोणाला विचारून?” तिचा बाप, म्हणजे माझा थोरला, ताडकन उठला आणि सूनबाईंकडे वळला. “हीच का तुझी शिकवण?”

तो नुसता बोलला होता. तरीही सूनबाईंनी सवयीने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.

मी बोट दाखवून त्याला खाली बसवले. माझ्यासमोर आवाज चढवण्याची या घरात कोणाची प्राज्ञा नाही. मग नातीला जवळ बोलावले.

“आता खरं सांग. असं काय आहे तिथे, जे इथल्या कॉलेजात नाही?”

ती माझ्या कानाशी वाकली आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,



“वसतिगृह अर्धं रिकामं असतं, आजी. आईलाही माझ्या खोलीत राहू देणार आहेत.”