शेजारची सीट

गाड्यांच्या सीटा शिवण्यात जन्म गेलेल्या, जपानमधल्या अतामी गावच्या हारादांनी मिझुताबाईंची जुन्या वळणाची छोटी हिरवी गाडी विकत घेतली. छताचं कापड लोंबत होतं, ड्रायव्हरच्या सीटचं पांढरं चामडं फाटून स्पंज बाहेर आला होता. शेजारची सीट मात्र कोरी करकरीत. तिला हातही लावावा लागला नाही.

महिनाभर खपून काम झाल्यावर त्यांनी बाईंना फेरीला बोलावलं. बाईंनी सवयीनं, घरात शिरावं तसे बूट काढले आणि स्टिअरिंगकडचं दार उघडलं.

"अहो बाई, गाडी विकलीत ना? आता तिकडं बसायचं," हारादा हसले.

"तिकडं माझी भाजीची पिशवी बसायची," म्हणत बाई हातातली पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसल्या.

गाडी किनाऱ्याच्या वळणांना लागली. बाईंनी नव्या शिवणीकडं वळूनही पाहिलं नाही. हारादांना राहवेना. "शिवण चुकली का कुठं?"

"शिवण कोण बघतंय! तीस वर्षं एकटी या रस्त्यानं कामाला गेले, नजर सगळी वळणांवर. समुद्र एवढा जवळ आहे होय इथं? जरा हळू चालवा की!"