काटा शून्यावर

मी निवृत्त नर्स. आमच्या यांचं बीपी रोज सकाळी मीच मोजते, कारण हे चोरून खारट खातात आणि विचारलं की साळसूद चेहरा करतात.

आज दंडावरचा पट्टा फुगवताना सवयीने मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागेनाशी झाली. अशा वेळी स्टेथोस्कोपमध्येही शांतता हवी. पण कानात ठोके चालूच होते, संथ आणि ठळक.

"अहो, पाय आपटताय का?"

"छे. पाय तर स्टुलावर आहेत."

माझा विश्वास बसला नाही. मी पट्ट्यातली सगळी हवा सोडली. पट्टा पूर्ण सैल झाला की दंडावर काहीच ऐकू येत नाही; पण काटा शून्यावर आला, तरी ठोके तसेच.

स्टेथोस्कोपची चकती दंडावरून उचलून हवेत धरली. ठोके थांबेनात. नळीच बिघडली असेल म्हणून चकती इकडेतिकडे फिरवली. खिडकीकडे नेली तर आवाज मंदावला. टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे नेली, तर वाढला.

"काय करतेस?" यांनी विचारलं.

मी यांना गप्प राहायची खूण केली आणि खुर्चीकडे बघत हळूच म्हटलं, "कोण आहे?"

ठोके एकदम जलद झाले, चोरी पकडली गेल्यासारखे.